सांगून बंद पडणारा माणूस

जगात कोणी सापाला भितं, कोणी अंधाराला, कोणी सासुरवाडीला. आमचे भाटवे फक्त एकाच गोष्टीला भितात, आणि ती म्हणजे न सांगता बंद पडणारी वस्तू. मग ती वस्तू पतसंस्थेचा सर्व्हर असो, घरचा मिक्सर असो, नाहीतर बोलता बोलता गप्प झालेला पाहुणा असो. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्या वर्धा जिल्ह्यात हा शब्द माणूस समोर नसताना, घरातल्या घरात वापरायचा असतो. तोंडावर मात्र 'भाऊजी'. तर हे आमचे भाटवे वर्ध्यातल्या एका पतसंस्थेच्या संगणक विभागात आहेत, किंबहुना तो विभाग म्हणजे तेच आहेत. त्यांच्या टेबलावर एक भला मोठा पडदा आहे, आणि त्या पडद्यावर संस्थेच्या प्रत्येक शाखेच्या नावाचा एक हिरवा ठिपका. देवळी हिरवी, आर्वी हिरवी, रोहणा हिरवं, म्हणजे भाटवे सुखात. एखाद्या शाखेचं मशीन बंद पडलं, की तो ठिपका लाल होतो आणि भाटव्यांच्या मोबाइलमधून एक आवाज निघतो. तो आवाज मी ऐकलेला आहे. म्हशीच्या शेपटीवरून बैलगाडीचं चाक गेलं तर म्हैस जसा सूर लावील, तसा तो सूर असतो. भाटव्यांनी तो मुद्दाम निवडलेला आहे. गोड आवाज ठेवला तर मनुष्य गाणं ऐकत बसतो, असं त्यांचं म्हणणं.

आता मशीन कधीकधी आपणच मुद्दाम बंद करतो. धूळ काढायची असते, जुना भाग काढून नवा बसवायचा असतो. अशा वेळी त्या पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवायचं असतं, की बाबा रे, अमुक वाजता हे बंद होणार, अमुक वाजता चालू होणार, तेवढा वेळ बोंबलू नको. याला ते लोक 'डाउनटाइम लावणं' म्हणतात. बाकीच्या दुनियेत हे एक साधं काम आहे. भाटव्यांच्या लेखी तो धर्म आहे. "साळेसाहेब," ते मला सांगतात, कारण मी त्यांचा साळा, आणि देवळीत माझं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे मला यंत्रांतलं थोडंफार कळतं अशी त्यांची समजूत, "साळेसाहेब, सांगून बंद पडलं ते मेंटेनन्स. न सांगता बंद पडलं ते मयत."

या धर्माचा प्रचार त्यांनी कोणाकोणात केला नाही! रोहण्याच्या शाखेत उन्हाळ्यात वीज फार जायची. भाटव्यांनी तिथल्या लाइनमनशी फोनवर ओळख काढली, त्याच्या पोरांची चौकशी केली, आणि हळूच मुद्द्यावर आले, की भाऊ, लाइन बंद करायच्या आधी मला एक फोन करत जाजो, म्हणजे मी डाउनटाइम लावून ठेवतो. लाइनमन भला माणूस. तो इमानदारीनं फोन करू लागला. पण एक दिवस न सांगता वीज गेली, ठिपका लाल झाला, म्हैस ओरडली आणि भाटवे त्याच्यावर उखडले. तो म्हणाला, "साहेब, डीपीच्या खांबावर माकड चढलं. ते काय मले इचारून चढलं?" यावर दुसरा कोणीही निरुत्तर झाला असता. भाटवे म्हणाले, "पन चढून राह्यलं हे तं तुले दिसलं असन ना? तेवढ्यात एक मिस कॉल देता आला असता." पुढे बरेच महिने त्या भल्या माणसाचे फोन येत राहिले, की साहेब, माकडं आंब्यावर आहेत, अजून डीपीकडे वळली नाहीत.

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या अख्ख्या देवळीला पाठ आहे. लग्न रविवारचं होतं, आणि रविवारी शाखा बंद असतात म्हणून त्याच दिवशी संस्थेत नवीन बॅटऱ्या बसवायचंही ठरलं होतं. भाटव्यांनी लग्नपत्रिका समोर ठेवली, लग्नाची वेळ पाहिली, त्यात जेवणाचा वेळ मिळवला आणि अकरा ते एक असा सगळ्या सर्व्हरना डाउनटाइम लावून ते घोड्यावर बसले. छापील वेळेवर विश्वास ठेवणारा नवरदेव आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे पत्रिकेवर साडेअकरा छापलेलं असतं ते फक्त पत्रिका रिकामी दिसू नये म्हणून. वरात चौकात नाचली, पाणटपरीपाशी नाचली, बसस्टँडसमोर वाट अडवून नाचली, आणि नवरदेव घोड्यावरून सारखे घड्याळ पाहत होते. लोकांना वाटलं, नवरीला पाहायची घाई झाली. शेवटी मांडवात सगळे बसले, भंतेजींनी त्रिशरण दिलं, पंचशील सुरू झालं, सारा मांडव हात जोडून शांत, आणि नवरदेवाच्या शेरवानीच्या आतल्या खिशातून म्हैस ओरडली. एक वाजून गेला होता. बॅटऱ्यांचं काम अजून चालूच होतं, पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी डाउनटाइम संपला होता. भाटवे खिशात हात घालायला गेले तर मध्ये मुंडावळ्या, हात बाहेर काढायला गेले तर मध्ये फुलं. भंतेजी कमालीचे शांत. ते म्हणाले, "उपासक, आधी ते पाहून घ्या." भाटव्यांनी कसाबसा फोन बाहेर काढला आणि भर मांडवात घामाघूम होऊन डाउनटाइम वाढवला. शेजारी पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसलेली आमची ताई, जी तोवर त्यांच्याशी चार वाक्यंसुद्धा धड बोललेली नव्हती, हळूच म्हणाली, "किती वाढवला?" भाटवे म्हणाले, "दोन तास." ताई म्हणाली, "चार करा. जेवणं राह्यले आहेत." मी मागेच उभा होतो. त्या क्षणी भाटव्यांनी आमच्या ताईकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं कोणी माणूस बायकोकडे पाहताना मी पुन्हा पाहिला नाही.

लग्नानंतर त्यांनी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात घर केलं, आणि तिथून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांचा पाऊस सुरू झाला. 'नियोजित देखभाल : उद्या सकाळी दहा ते अकरा केस कापणे. या काळात फोन उचलला जाणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आणि अकराला बरोबर, 'सेवा पूर्ववत.' केसांचा फोटो सोबत. दाढदुखी झाली तर 'डावी बाजू बंद, उजव्या बाजूने जेवण सुरळीत.' ताई चार दिवस माहेरी आली, तर ती देवळीच्या बसमधून उतरायच्या आधी ग्रुपवर येऊन पडलेलं असायचं, की मुख्य सेवा डाउनटाइमवर गेल्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढील सेवा आपोआप बंद राहतील : नाश्ता, पोरांचे डबे, इस्त्री, आणि माझा चष्मा सापडणे. ताई ते वाचून हसायची आणि लगेच फोन लावायची, "फ्रिजवर आहे चष्मा."

दुपारची झोपही ते सांगूनच घेत. एकदा मी आणि आमचे एक दूरचे काका त्यांच्याकडे गेलो होतो. काका तुरीच्या भावाविषयी रंगात येऊन बोलत होते. भाटवे मध्येच अदबीनं म्हणाले, "काकाजी, माफ करा, मी आता थोडा वेळ नाही." काकांना वाटलं, कुठे बाहेर जायचं असेल, ते पायात चपला घालायला उठले. भाटवे कुठेही गेले नाहीत. त्याच खुर्चीत त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि घोरू लागले. काका एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत तसेच उभे. थोड्या वेळानं भाटव्यांनी डोळे उघडले, चष्मा घातला आणि म्हणाले, "हं, काकाजी. तुमी तुरीच्या भावावर होते."

आमच्या बाबांना हा जावई काही केल्या झेपत नव्हता. बाबा जन्मभर जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापूस, तेल आणि लोखंड यांच्यात गेलेला माणूस. त्यांना पडद्यावरचे ठिपके म्हणजे पोरखेळ वाटे. "मशीन बंद कराले कायचं सांगाले लागते?" ते म्हणत, "पट्टा उतरवला का बंद, चढवला का चालू. याईले जवाई म्हनू का सूचना फलक?" भाटवे मात्र बाबांचा फार आदर करत. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो; तसे ते 'मामाजी, मामाजी' करत बाबांच्या मागे असायचे, जुन्या मशिनींच्या गोष्टी विचारायचे, आणि बाबा एका शब्दात उत्तर देऊन पेपरात तोंड घालायचे.

मागच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बाबांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग चालताना, मग नुसतं पाणी आणायला उठले तरी. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करावं लागेल, आणि लवकर करावं लागेल. बाबांनी सारं शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले, अंगणातल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "नाई करत." आईनं विनवलं, ताई रडली, मी रागावलो. बाबा ढिम्म हलत नव्हते. का नाही, तेही सांगत नव्हते. शेवटी ताईनं भाटव्यांना बोलावलं. खरं सांगायचं तर आशा कोणालाच नव्हती. ज्या माणसाशी बाबा पुरतं वाक्य बोलत नाहीत, तो काय समजावणार?

भाटवे आले, चहा न घेता सरळ बाजेवर बाबांच्या शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "मामाजी, काऊन नाई म्हनता?"

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, ती आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "दिल बंद करतात म्हने. ऑपरेशनच्या टायमाले."

"हाव. करतात."

हे इतकं सरळ उत्तर बाबांना त्या आठवड्यात कोणीच दिलं नव्हतं. आम्ही सगळे 'काही होत नाही, काही होत नाही' एवढंच म्हणत होतो. बाबा त्यांच्याकडे वळून बसले.

"मामाजी," भाटवे म्हणाले, "जिनिंगमधे चालत्या मशिनीत कधी हात घातला तुमी?"

"येडा आहो काय मी?"

"मंग डॉक्टर तरी कसा घालन? बंद करन, काम करन, चालू करन. तेवढा वेळ दुसरी मशीन रक्त फिरवते. सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, सारं ठरलेलं असते. हे मयत नोहे मामाजी. हे मेंटेनन्स आहे."

बाबा विचार करू लागले. फिटरचा विचार. मग त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "माई मशीन मीच बंद करत होतो, मीच चालू करत होतो. इथं मी तं झोपेत. आन तो टाइम उलटला, आन चालूच नाई झालं तं?"

मी दारात उभा राहून ऐकत होतो. भाटव्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "चालू डॉक्टर करतीन. पन टाइम उलटला तं बोंबलाले मी बाहेर बसलो आहो. असा बोंबलीन का साऱ्या दवाखान्याले तुमच्यासाठी उठा लागन. हा शब्द आहे माया."

बाबांनी बाजेची एक सुटलेली दोरी ओढून घट्ट केली. "ठीक आहे," ते म्हणाले, "बसजो मंग तिथंच. चहा प्याले जाऊ नोको."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाटव्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, "डाउनटाइम किती?" डॉक्टर म्हणाले, "काय?" मग सगळं समजावल्यावर ते म्हणाले, साधारण दुपारी दोनपर्यंत होईल, थोडं कमीजास्त. "कमीजास्त म्हणजे नेमकं किती?" डॉक्टर हसून निघून गेले. भाटव्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर अर्धा तास धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना आत नेलं. जाताना बाबांनी आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि भाटव्यांकडे पाहून एक बोट वर केलं. भाटव्यांनी मान हलवली. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, आणि आम्ही सगळे डोळे पुसत असताना या गृहस्थानं सवयीनं फोन काढून ग्रुपवर टाकलं : 'नियोजित देखभाल : मामाजी. आज सकाळी नऊपासून बंद. दुपारी दोनपर्यंत पूर्ववत. कृपया या काळात कोणीही फोन करू नये.' आणि शब्दाला जागून ते दारासमोरच्या बाकावर जे बसले ते बसले.

इथे आमच्या आत्याची ओळख करून द्यायला हवी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मुक्काम रोहणा. बाबांवर तिचा भारी जीव. तिला रक्तदाबाचा त्रास, म्हणून ऑपरेशनचं तिला कळू द्यायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती. आम्ही सर्वांनी ती पाळली होती. पण आत्याच्या सुनेचा नंबर ग्रुपवर आहे, हे भाटवे विसरले होते. दुपारी कामं आटोपून सुनेनं फोन उघडला आणि सूचना वाचून दाखवली. 'मामाजी. नऊपासून बंद.' आत्या मटकन खाली बसली. सून म्हणाली, "आई, थांबा, पुढं लिवलं आहे. दुपारपर्यंत पूर्ववत." आत्यानं विचारलं, "पूर्ववत म्हंजे काय वं?" सुनेनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "पूर्वजाईकडे नेतीन म्हनते वाट्टे." त्यांनी आम्हाला फोन लावले, दवाखान्यात आमचे सगळ्यांचे फोन मुके केलेले. देवळीत आमच्या शेजाऱ्यांना विचारलं तर कळलं, बाबांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आहे. झालं. आत्यानं पांढरं लुगडं नेसलं, वाटेत झेंडूचा मोठा हार घेतला, शेजारपाजारच्या बाया जीपमध्ये भरल्या आणि रोहण्याहून वर्ध्याकडे निघाली.

इकडे दोन वाजले. दार उघडलं नाही. भाटवे बाकावर ताठ. सव्वादोनला त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं. अडीच वाजले. त्यांनी स्वतः धरलेला वेळही संपला, आणि त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर त्यांच्या हिशेबांमुळे आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की हे ठरल्याप्रमाणे होणारं काम आहे. आता तेच घाबरले तर आम्ही धरायचं कोणाला? आईनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते. भाटवे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साळेसाहेब, बोंबलू का?"

"भाऊजी, दवाखाना आहे."

"मी शब्द देल्ला आहे त्याईले."

"पाच मिनिटं थांबा."

ते थांबले. आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "माया भाऊ गेला वो बाप्पाऽऽ!" आत्या वर येत होती, मागे पाचसहा बाया, सगळ्यांचे पदर डोळ्यांना. भाटव्यांनी आत्याला पाहिलं, पांढरं लुगडं पाहिलं, हार पाहिला. त्यांना वाटलं, खालून कुठूनतरी हिला आतली बातमी कळली आणि आपल्यालाच कोणी सांगितली नाही. आणि मग भाटवे बोंबलले.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकणार नाही. मोबाइलातली म्हैस त्याच्यापुढे कोकिळा. "मामाजीऽऽऽ! टाइम झालाऽऽ! उठाऽऽऽ!" भिंती हादरल्या. खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले. आत्याला वाटलं, जावईच असा टाहो फोडतो आहे म्हणजे खरंच संपलं; तिनं दुप्पट सूर लावला. तिला पाहून भाटव्यांनी तिप्पट. बाया बसून छाती पिटू लागल्या. ज्यांचा आमच्याशी काहीही संबंध नव्हता असे दोन पेशंटांचे नातेवाईकही रडू लागले. चौकीदार शिट्टी फुंकत आला आणि हा प्रकार पाहून त्यानं टोपी काढून हातात घेतली.

त्या सगळ्या गदारोळात भान होतं ते एकट्या ताईला. तिनं आत्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "आत्या! कोनं सांगतलं तुले?"

आत्यानं भाटव्यांकडे बोट केलं. "यानंच तं सांगतलं! फोनवर!"

भाटवे रडता रडता थांबले. "मी? मी कधी? तुमीच तं बोंबलत आल्या ना!"

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. आणि नेमकं तेव्हा दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "इथे कोण ओरडत होतं?"

शाळेतल्या पोरासारखा भाटव्यांनी हात वर केला. "मी, सर. टाइम उलटला होता."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, जमिनीवर बसलेल्या बायांकडे पाहिलं. "एक नळी जरा अवघड होती, म्हणून वेळ लागला," ते म्हणाले. "ऑपरेशन चांगलं झालंय. हृदय चालू झालंय. आपलं आपण, व्यवस्थित."

आई भिंतीला टेकून खाली बसली. मग आत्या उठली, पदरानं नाक पुसलं, भाटव्यांकडे एक जळजळीत नजर टाकली आणि हातातला तो झेंडूचा भलामोठा हार सरळ डॉक्टरांच्या गळ्यात घातला. डॉक्टर संकोचले, "अहो, याची काय गरज होती," म्हणाले. तो हार मुळात कोणासाठी आणला होता, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. आत्या मग भाटव्यांकडे वळली. "आन तू! पुन्हा कोनाले बंद करशीन तं पायजो!" भाटवे खाली वाकून तिच्या पाया पडले, आणि ते उठेचनात. आम्हाला वाटलं, माफी मागताहेत. जवळ गेलो तर तिच्या पायांवर डोकं ठेवून ते खरोखरीचे रडत होते, अजिबात आवाज न करता. आत्याचा राग कुठल्या कुठे गेला. ती खाली बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "उग्गी राय बाप्पा, उग्गी राय. आहे ना तो. आहे."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडातली नळी काढली. आम्हाला एकेक करून आत सोडलं. भाटव्यांना पाहिल्यावर बाबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आयकू आलं मले." भाटवे म्हणाले, "काय, मामाजी?" बाबा म्हणाले, "तुयं बोंबलनं. अंदर होतो, पन आयकू आलं. म्हटलं उठा आता, नाई तं हा मानूस दवाखाना पाडते." डॉक्टर म्हणतात हे शक्यच नाही, त्या औषधात माणसाला काहीही ऐकू येत नसतं. बाबांपुढे हे बोलायची सोय नाही. "त्याईले काय मालूम?" ते म्हणतात, "ते काय अंदर होते?" आणि डॉक्टर तर अंदरच होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. बाबांना रोज चालायला सांगितलं आहे, त्यासाठी लेसवाले पांढरे बूट आणले आहेत. एवढ्या वर्षांत चपलेशिवाय काही न घातलेला माणूस, तो त्या बुटांकडे अजून परक्यासारखा पाहतो. रविवारी भाटवे पिपरीहून येतात आणि दोघं देवळीबाहेरच्या रस्त्यानं चालायला जातात. बाबा आता पूर्वीसारखे चालत नाहीत. त्यांचे खांदे उतरले आहेत, सदरा अंगावर सैल झाला आहे. भाटवे त्यांच्या चालीनं चालतात, अर्धं पाऊल मागे. मध्ये बाबा थांबतात, दम खातात, सोयाबीनकडे पाहिल्यासारखं करतात. मग भाटवेही सोयाबीनकडे पाहिल्यासारखं करतात.

परवा दुकानाचं सामान घेऊन मी त्या रस्त्यानं येत होतो. दूर रस्त्याच्या कडेला दोघं उभे दिसले. बाबांच्या बुटाची लेस सुटली होती. वाकलं की छातीवरचा टाक्यांचा व्रण अजून ओढतो, म्हणून भाटवे खाली बसून ती बांधत होते, आणि तोल जाऊ नये म्हणून बाबांनी एक हात त्यांच्या डोक्यावर टेकवला होता. मी गाडी हळू केली. ऊन उतरत होतं. लेस बांधून झाली. भाटवे उठले नाहीत, आणि बाबांनीही हात काढला नाही.